सेबीच्या खर्चाला संसदेची मंजुरी लागते का?

प्रश्न : निवृत्त मास्तर, सांगली

निवृत्तीनंतर थोडेफार शेअर घेतो-विकतो. ब्रोकरकडून येणाऱ्या काँट्रॅक्ट नोटवर दर वेळी सेबी (शेअर बाजाराची नियामक संस्था) टर्नओव्हर फीची, म्हणजे उलाढालीवरच्या शुल्काची, ओळ असते. कोटीला १० रुपये, म्हणजे माझ्या लाखाच्या व्यवहाराला १० पैसे. रकमेबद्दल तक्रार नाही. पण देशभरातून जमणारा हा पैसा कसा खर्चायचा, ते ठरवतं कोण? २७ वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं. संसदेच्या मंजुरीशिवाय सरकारला रुपयाही खर्चता येत नाही, हे मुलांना घोकून घ्यायला लावलं. मग सेबीचं काय?

मी_डोंबिवलीकर

सर, सेबी कोट्यवधींचे दंड लावते. त्यातूनच चालत असेल सगळं.

लेखापरीक्षक (निवृत्त), नागपूर

नाही दादा, हा गैरसमज फार पसरलाय. दंड सेबीला ठेवता येत नाही, तो भारताच्या संचित निधीत, म्हणजे केंद्र सरकारच्या मुख्य तिजोरीत, जमा होतो. सेबीकडे राहते ती फी. सेबी कायद्याच्या कलम १४ नुसार ती सेबीच्या स्वतःच्या निधीत जाते आणि पगार, कार्यालयं, सगळा खर्च त्यातून होतो.

मास्तर, तुम्ही शिकवलंत ते बरोबरच आहे, पण तो नियम संचित निधीतून काढायच्या पैशाला. फी तिथे जातच नाही, म्हणून लोकसभेत त्यावर मतदान नाही. ट्रायचं, म्हणजे दूरसंचार नियामकाचं, तसं नाही. तिला केंद्राचं अनुदान मिळतं, ते दूरसंचार विभागाच्या, लोकसभेत मतदानाला येणाऱ्या, अनुदानाच्या मागण्यांमध्ये येतं आणि खासदारांना निदान तिथे बोट ठेवता येतं.

सेबीचे हिशेब कॅग, म्हणजे देशाचे महालेखापरीक्षक, तपासतात. तो अहवाल आणि वार्षिक अहवाल दोन्ही सभागृहांच्या पटलावर ठेवले जातात. पण पटलावर ठेवलं म्हणजे चर्चा झाली असं नाही. माझी सगळी नोकरी अहवाल लिहिण्यात गेली, त्यामुळे हे मला फार लागतं.

मी_डोंबिवलीकर

चूक कळली, काका. पण २०१९ मध्ये कायदा बदलला ना? शिल्लक सरकारजमा करायची म्हणून?

लेखापरीक्षक (निवृत्त), नागपूर

हो. वार्षिक शिलकेतले २५ टक्के राखीव निधीत, तेही मागच्या दोन वर्षांच्या एकूण खर्चाच्या मर्यादेत, आणि उरलेलं संचित निधीत, अशी ती दुरुस्ती. शिवाय भांडवली खर्चाच्या आराखड्याला केंद्र सरकारची मान्यता. सेबीच्या कर्मचाऱ्यांनी तेव्हा विरोध केला होता, आणि माझंही मत त्यांच्याच बाजूचं आहे. खर्चून उरलेलं नेलं म्हणजे खर्चावर नजर ठेवली असं होत नाही. आणि मान्यता देणार ते मंत्रालय. त्यात संसद कुठे आली?

खरी जागा लोकलेखा समितीची, म्हणजे सरकारी खर्चाचे हिशेब तपासणाऱ्या संसदेच्या समितीची. २२ खासदार, मंत्री एकही नाही, अध्यक्ष विरोधी पक्षाचा. २०२४ मध्ये या समितीने नियामक संस्थांच्या कामगिरीचा आढावा हाती घेतला. २४ ऑक्टोबरला सेबीच्या अध्यक्षा येऊ शकल्या नाहीत आणि बैठक पुढे ढकलावी लागली. पुढे सगळी चर्चा कोण आलं, कोण नाही यावरच. हिशेब बाजूला राहिला.

निवृत्त मास्तर, सांगली

मनापासून आभार. आमच्या खासदारांना संसदेत अतारांकित (लेखी उत्तराचा) प्रश्न विचारायला सांगणार आहे. फीचे किती जमले, किती खर्चले, कशावर, एवढंच. मसुदा उद्या इथे टाकतो. नागपूरकर, भाषा तेवढी तपासून द्याल का? नाहीतर अर्थमंत्रालय दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होईल.