मदत हवी आहे: डिसिजन टेबलचे ६४ कॉलम, टेस्ट केस फक्त २२. काय सुटलंय ते कसं शोधू?

पर्वरी_टेस्टर
नमस्कार. हॉटेल बुकिंगचं सॉफ्टवेअर तपासतेय. आधीची मुलगी नोकरी सोडून गेली, तिच्या २२ टेस्ट केस (अमुक माहिती दिली तर अमुक निकाल यायला हवा, अशा लिहिलेल्या तपासण्या) माझ्याकडे आल्यात. टीम लीड म्हणाला, डिसिजन टेबल (अटींच्या हो/नाहीचा प्रत्येक मेळ एका कॉलममध्ये, खाली त्याचा निकाल) बनव आणि त्यावर या केस पडताळून बघ. टेबल केलं, ६४ कॉलम झाले. आता तो म्हणतो ४२ केस कमी आहेत, बसून लिही. मला ते पटत नाही, पण का पटत नाही हे त्याला दाखवताही येत नाहीये. नेटवर सगळीकडे लॉगिन-पासवर्डचंच उदाहरण. उद्या क्लायंटबरोबर कॉल आहे, लवकर सांगा प्लीज.

फोंड्याचा_कोडर
६४ म्हणजे हो/नाही अशा सहा अटी असणार. पण कुठल्या अटी, आणि निकाल काय काय? हे न सांगता कोण काय सांगणार?

साखळी_७७
इतका त्रास कशाला घेता? मायक्रोसॉफ्टचं पिक्ट फुकट मिळतं. अटी लिहा, दोन-दोन अटींच्या सगळ्या जोड्या येतील अशा मोजक्या केस ते काढून देतं. आमच्या टीममध्ये टेबल-बिबल कोणी करत नाही.

पर्वरी_टेस्टर
अटी: खोलीचा दर ७,५०० पर्यंत आहे का, पाहुणा परदेशी का, गोव्याबाहेरचा का, पैसे आगाऊ भरलेत का, पीक सिझन आहे का, चेक-इनच्या ४८ तास आधी रद्द केलंय का. निकाल: कर किती, सी-फॉर्म (परदेशी पाहुण्याची सरकारला द्यायची माहिती) भरायचा की नाही, परतावा किती. सगळं एकाच टेबलात आहे.

कुंडई_क्यूए
एकाच टेबलात आहे, तिथेच घोळ आहे. कर दरावर ठरतो, सी-फॉर्म पासपोर्टवर, परतावा शेवटच्या तीन अटींवर. तीन टेबलं करा: २ कॉलम, २ कॉलम आणि ८ कॉलम. ६४ चे १२ झाले.

फोंड्याचा_कोडर
कागदावर झाले. रद्द केल्यावर हॉटेल जी रक्कम कापून ठेवतं, तिच्यावरही जीएसटी लागतो आणि खोलीला जितके टक्के, तितकेच. ऑगस्ट २०२२ च्या जीएसटी परिपत्रकात तसं स्पष्ट केलंय. मग कर आणि परतावा वेगळे कसे? टेबल तोडण्याआधी एका निकालाची रक्कम दुसऱ्यात जाते का, ते बघायला हवं.

कुंडई_क्यूए
मुद्दा मान्य. पण त्यासाठी पुन्हा ६४ करायची गरज नाही. जिथे रक्कम कापली जाते तेवढेच नियम घ्या आणि ते ७,५०० च्या दोन्ही बाजूंनी चालवा. तीन-चार केस वाढतील, ४२ नाही.

कळंगुट_गेस्टहाऊस
मला टेस्टिंगमधलं कळत नाही, माझा धंदा खोल्यांचा. ती "गोव्याबाहेरचा का" अट कशासाठी घेतलीय?

पर्वरी_टेस्टर
आधीच्या केसमध्ये होती. बाहेरच्या राज्यातल्या पाहुण्याला आयजीएसटी (आंतरराज्य व्यवहाराचा जीएसटी), गोव्यातल्याला सीजीएसटी आणि एसजीएसटी (केंद्राचा आणि राज्याचा वाटा).

कळंगुट_गेस्टहाऊस
खोलीला तसं नसतं ताई. इमारत जिथे उभी, तिथला कर. हॉटेल गोव्यात असेल तर पाहुणा पुण्याचा असो की पॅरिसचा, सीजीएसटी अधिक एसजीएसटीच. आणि ७,५०० पर्यंत तुमचं सॉफ्टवेअर कर किती दाखवतं?

पर्वरी_टेस्टर
१२ टक्के. ७,५०० च्या वर १८.

कळंगुट_गेस्टहाऊस
१२ गेले. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० पर्यंत ५ टक्के, इनपुट क्रेडिटशिवाय, म्हणजे हॉटेलला खरेदीवर भरलेला कर वजा करता येत नाही. वरचे १८ तसेच. आणि हे एका खोलीला, एका दिवसाला. तीन रात्रींचं बुकिंग असेल आणि शनिवारचा दर ८,००० असेल, तर त्या रात्रीला १८ आणि बाकीच्या दोन रात्रींना ५. तेही डिस्काउंट वजा करून जो दर उरतो त्यावर, भिंतीवर लावलेल्या दरावर नाही.

कुंडई_क्यूए
ही माहिती आज इथे आली नसती तर २२ च्या २२ केस पास झाल्या असत्या! म्हणून कळकळीने सांगतो, टेबल जुन्या टेस्ट केसवरून कधीच बनवू नका. केसवरून टेबल केलं तर त्या केस त्यात बसणारच, तपासलं काय? टेबल नियमांवरून करायचं: क्लायंटचं धोरण, कराची अधिसूचना. केस नंतर आणून त्यावर ठेवायच्या. अपेक्षित निकालही टेबलातला घ्यायचा, केसमध्ये लिहिलेला नाही.

वेर्णा_फ्रेशर
थोडं अवांतर. गोव्यात मॅन्युअल टेस्टिंगला नोकऱ्या आहेत का? आयएसटीक्यूबी (टेस्टिंगचं प्रमाणपत्र) केलं तर फायदा होतो का?

साखळी_७७
त्याच्या फाउंडेशन पातळीच्या अभ्यासक्रमात डिसिजन टेबल आहेच, एक-दोन प्रश्न नक्की येतात. बाकी वेगळा धागा काढा. मूळ मुद्दा: परदेशी "हो" आणि गोव्याबाहेरचा "नाही" हे कॉलम अशक्य आहेत. ते सरळ काढून टाकले तरी १६ कॉलम कमी होतात.

मोरजी_किनारा
अशक्य कोणी सांगितलं? आमच्या वाड्यावर वर्षानुवर्षं राहणारी रशियन आणि ब्रिटिश माणसं आहेत. फॉर्मवर पत्ता मोरजीचा किंवा हरमलचाच लिहितात. त्यांना खोली दिली तरी सी-फॉर्म लागतो, चोवीस तासांच्या आत.

कुंडई_क्यूए
अगदी बरोबर. सी-फॉर्म पासपोर्टवर ठरतो, पत्त्यावर नाही. नेमकी हीच केस ठेवा, कारण प्रोग्रामरने पत्ता बघून "गोवा म्हणजे भारतीय" असं धरलं असेल तर ती चूक इथेच पकडली जाईल. अशक्य वाटणारा कॉलम आपल्या मनाने खोडू नये, क्लायंटला विचारून खोडावा.

मडगाव_जुना_प्रोग्रामर
मी हे टेबल मेनफ्रेमच्या काळापासून वापरतोय, म्हणून थोडा अधिकाराने बोलतो. त्याआधी कारण-परिणाम आलेख (कुठल्या अटींमुळे कुठला निकाल येतो, याचं चित्र) काढावा, असं माझं मत. आयबीएमच्या एल्मेंडॉर्फ यांनी १९७३ मध्ये ही पद्धत मांडली, आजही तिच्याइतकी स्वच्छ दुसरी नाही. पण तुम्ही घाईत आहात, तेव्हा परताव्याचं टेबल इथे टाका, बघू.

पर्वरी_टेस्टर
कमी कॉलममध्ये असं केलंय. डॅश म्हणजे काहीही असलं तरी चालेल.
नियम १: पैसे भरले नाही, सिझन –, ४८ तास – : काहीच करायचं नाही
नियम २: पैसे –, सिझन हो, ४८ तास – : रक्कम जप्त, पाहुण्याला तसा मेल
नियम ३: पैसे भरले हो, सिझन नाही, ४८ तास हो : पूर्ण परतावा
नियम ४: पैसे भरले हो, सिझन नाही, ४८ तास नाही : अर्धा परतावा

मडगाव_जुना_प्रोग्रामर
मोजा. एका डॅशमागे कॉलम दुप्पट होतात. नियम १ मध्ये दोन डॅश, म्हणजे ४. नियम २ मध्येही ४. तिसरा १, चौथा १. बेरीज १०. तीन अटींचे कॉलम ८ च असतात. म्हणजे दोन कॉलम दोनदा मोजले गेलेत. कुठले? पैसे भरले नाहीत आणि सिझन आहे, ते. नियम १ म्हणतो काही करू नका, नियम २ म्हणतो रक्कम जप्त केल्याचा मेल पाठवा. ज्याने एक पैसाही दिला नाही त्याला जप्तीचा मेल जाईल. नियम २ मध्ये पैसे "हो" करा: ४ अधिक २ अधिक १ अधिक १, झाले ८.

फोंड्याचा_कोडर
काका, बेरीज ८ आली म्हणजे टेबल बरोबर, असं मात्र नाही. एका ठिकाणी कॉलम दोनदा आला आणि दुसरीकडे तितकाच राहून गेला, तरी बेरीज जुळते. दोन-दोन नियम समोरासमोर ठेवून बघायलाच हवं. निदान एका अटीत एकाचं "हो" आणि दुसऱ्याचं "नाही" नसेल, तर ते एकमेकांवर चढलेत.

मडगाव_जुना_प्रोग्रामर
ते धरूनच बोललो. बेरीज जुळली नाही तर चूक नक्की आहे, जुळली तर पुढची तपासणी करायची.

साखळी_७७
हे हाताने करत बसण्यापेक्षा पिक्ट दोन मिनिटांत केस देईल, हे मी अजूनही म्हणतो.

कुंडई_क्यूए
याच तीन अटींवर बघा. सगळ्या जोड्या चार ओळींत बसतात. त्या चार ओळींत "पैसे हो, सिझन नाही" ही जोडी एकदाच येते. मग ४८ तासांचं "हो" तरी येईल किंवा "नाही" तरी. म्हणजे पूर्ण परतावा आणि अर्धा परतावा यांतला एक नियम तपासलाच जाणार नाही. आणि अपेक्षित निकाल काय, हे ते टूल सांगत नाही. जिथे अटींचा एकमेकींशी नियम नाही, तिथे जोड्या उत्तम. ब्राउझर, मोबाइल, भाषा यांना वापरा की.

पर्वरी_टेस्टर
सगळ्यांचे आभार, देव बरें करूं. प्रत्येक केससमोर नियमाचा क्रमांक लिहिला. २२ पैकी ११ केसमध्ये फक्त पाहुण्याचं राज्य बदलतं, बाकी सगळं तेच, म्हणजे त्या एकाच कॉलमवर पडतात. नियम ४ वर, म्हणजे अर्ध्या परताव्यावर, एकही केस नाही. लीडला दाखवलं, ४२ चा विषय संपला. आता त्या ११ मधल्या १० काढून टाकू का?

फोंड्याचा_कोडर
एक गोव्याची, एक बाहेरच्या राज्याची ठेवा. आयजीएसटीचा जुना तुकडा कोडमध्ये राहिला असेल तर तो दिसायला हवा. दर कुठले घेतलेत केसमध्ये?

पर्वरी_टेस्टर
३,००० आणि १२,०००.

फोंड्याचा_कोडर
मग ७,५०० आणि ७,५०१ घाला. टेबल फक्त "पर्यंत आहे का" एवढंच विचारतं, नेमक्या काठावर काय होतं ते त्यात दिसत नाही. ७,५०० ला ५ टक्केच यायला हवेत. एका कॉलमवर दोन केस आल्या म्हणून एक जादा, असं समजू नका. ४८ तासांचंही तेच. बरोबर ४८ तास झाले असतील तर कुठल्या बाजूला?

कळंगुट_गेस्टहाऊस
आणि ४८ तास कुठून मोजणार? आमच्याकडे चेक-इन दुपारी २ ला. काही हॉटेलं रात्री १२ पासून मोजतात. सिझनला यावरूनच काउंटरवर भांडणं होतात.

मोरजी_किनारा
ताई, क्लायंटच्या हॉटेलात रेस्टॉरंट आहे का? आधीच्या आर्थिक वर्षात एक जरी खोली ७,५०० च्या वर गेली असेल तर जेवणाच्या बिलाला ५ नाही, १८ टक्के लागतात.

पर्वरी_टेस्टर
रेस्टॉरंट आमच्या मॉड्यूलमध्ये नाही. ४८ तासांबद्दल धोरणात फक्त "४८ तास आधी" एवढंच आहे, कुठून मोजायचे ते नाही. सर्व्हरची वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) आहे, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. उद्याच्या कॉलवर हेच पहिलं विचारते.