छताला अन् पार्किंगला लोह्याऐवजी ग्लास फायबर सळाख: चालेल का?

बेसा_प्लॉट

नागपूरच्या बेसा भागात जी+१ (तळमजला अन् वर एक मजला) घराचं काम सुरू आहे. दोन जागी निर्णय अडला आहे.

१) छताचा स्लॅब: सर्वांत मोठा पॅनल ३.६ × ४.८ मीटर, जाडी १२५ मिमी, एम२५ काँक्रीट. ड्रॉइंगमध्ये ८ मिमी लोहा, दोन्ही दिशांना १५० मिमीवर.
२) पार्किंगचा कोबा: ६ × ९ मीटर, १५० मिमी जाड, दोन कार. खाली काळी माती, साधारण १.२ मीटरपर्यंत.

ठेकेदार म्हणतो, दोन्हीकडे ८ च्या लोह्याऐवजी ६ ची ग्लास फायबर सळाख टाका. ताकद तेवढीच, वजन नावाला, गंज नाही, अन् पर्यावरणालाही बरं. सिमेंट-लोह्याचा कार्बन कमी व्हावा ही इच्छा खरी आहे, पण घर वाकवून नाही. जाणकारांनी सांगावं.

स्ट्रक्चर_कट्टा

छताला नको. ठेकेदाराचा हिशोब ताकदीचा आहे अन् तेवढ्यापुरता बरोबरही आहे. ८ मिमी एफई५०० (चौ. मिमीला ५०० न्यूटन ताकदीचा लोहा) सळाखेचं क्षेत्रफळ ५० चौ. मिमी, गुणिले ५०० म्हणजे २५ किलोन्यूटन. ६ ची फायबर सळाख २८ चौ. मिमी, तिची ताकद ९०० च्या आसपास धरली तर तेही २५. इथवर जुळलं.

आता ताठपणा बघा. लोह्याचा मॉड्युलस (ताणाखाली न लांबण्याचं माप) २०० गिगापास्कल, ग्लास फायबरचा ४५ ते ६०. क्षेत्रफळ कमी, मॉड्युलसही कमी, म्हणजे ६ च्या फायबर सळाखेचा ताठपणा ८ च्या लोह्याच्या सातव्या हिश्शावर येतो. स्लॅबला भेग नाही तोवर हे कळत नाही, कारण तोवर भार काँक्रीटच पेलतं. पण सेंट्रिंग लवकर काढलं, तराई कमी पडली, किंवा गच्ची मे महिन्यात दिवसभर तापून रात्री आखडली, की बारीक भेग येतेच. मग ती भेग आवरून धरायचं काम सळाखेचं असतं. लोहा ती घट्ट धरतो, फायबर सैल सोडते. स्लॅब मधोमध झोळ धरतो अन् पाणी तिथंच साचतं.

शिवाय ही सळाख लोह्यासारखी आधी ताणून इशारा देत नाही, सरळ तुटते. कायमच्या भाराखाली तिला कमाल ताकदीच्या तिसऱ्या हिश्शाच्या आतच वापरतात, त्यामुळे ते ९०० कागदावरच राहतात. आगीत तिचं रेझिन १०० ते १२० अंश सेल्सिअसच्या सुमारास मऊ पडतं अन् काँक्रीटवरची पकड सुटते.

झोळ टाळायला जाडी वाढवली तर? २५ मिमी जाडी म्हणजे दर चौ. मीटरला पावणेनऊ किलो सिमेंट जास्त. जे वाचवायला निघालो तेच वाढलं.

अन् गंजाचं म्हणाल तर समुद्र कुठे, नागपूर कुठे. आपल्याकडे लोहा गंजतो तो कव्हर (सळाखेखालचा काँक्रीटचा थर) नसल्यामुळे. मिस्त्री सळाखेखाली गिट्टीचा खडा सारतो, व्हायब्रेटर लागला की खडा सरकतो अन् सळाख प्लायवर बसते. २० मिमीचे सिमेंटचे कव्हर ब्लॉक दर मीटरला बांधा. यावर फारसा खर्च नाही.

कार्बन कमी करायचा तर सिमेंटकडे बघा. तुमच्या स्लॅबमध्ये दर चौ. मीटरला, वरच्या जादा सळाखा अन् जोड धरून, लोहा साधारण ७ किलो, सिमेंट ४४ किलो. ओपीसी (राख नसलेलं साधं सिमेंट) धरलं तर सिमेंटचा कार्बन लोह्याच्या दुपटीच्या आसपास जातो. पीपीसी घ्या, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट, त्यात १५ ते ३५ टक्के फ्लाय अॅश असते, अन् ही राख तर कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांत दारातच आहे. फक्त पीपीसी सावकाश पकडतं. आयएस ४५६ हे काँक्रीटचं भारतीय मानक उष्ण, कोरड्या हवेत ओपीसीला १० दिवस अन् पीपीसीला १४ दिवस तराई सांगतं. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबच्या बल्ल्या ७ दिवसांनी काढायची मुभा ओपीसीसाठी आहे. पीपीसीला ती लावू नका, १४ दिवस थांबा.

कोबा_ट्रिमिक्स

छताबद्दल वर लिहिलं ते पटतं. पार्किंगचं गणित वेगळं, कारण तिथं स्लॅब जमिनीवर टेकलेला आहे. सळाख किंवा फायबरचं (काँक्रीटमध्ये मिसळायच्या सुट्या धाग्यांचं) काम भेगा बारीक ठेवणं, एवढंच.

पण आधी माती. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आटते. तिच्यावर लोहा टाका, फायबर टाका, स्लॅब उचलला जाणारच. १.२ मीटर पूर्ण काढता येत असेल तर काढा, मुरूम १५०-२०० मिमीच्या थरांनी पाणी मारून रोलरने दाबा, वर प्लास्टिक शीट.

मग तीन पर्याय. तुमचं काँक्रीट ८.१ घनमीटर होतं.

लोह्याची जाळी, ८ मिमी २०० वर: साधारण २१५ किलो, लॅप (जोडावर एकावर एक चढवलेली लांबी) वेगळा.
हुक असलेलं स्टील फायबर, घनमीटरला २० किलो: १६२ किलो.
मॅक्रो सिंथेटिक फायबर (जाड प्लास्टिकचे धागे), घनमीटरला ४ किलो: ३२-३३ किलो.

हे आकडे अंदाजाचे. डोस ठरतो तो भेग पडल्यावर किती ताकद उरते त्यावर, अन् ते उत्पादकाच्या चाचणी दाखल्यात असतं. दाखला नसेल तर माल घेऊ नका. १२ मिमीचं केसासारखं पॉलीप्रॉपिलीन फायबर ‘जाळीऐवजी’ म्हणून विकतात, ते जाळीऐवजी नाहीच. घनमीटरला ९०० ग्रॅम टाकलं की पहिल्या काही तासांतल्या ओल्या भेगा थांबतात, बस.

घरच्या पार्किंगला माझं मत मॅक्रो सिंथेटिकला. स्टील फायबरची टोकं वर येतात, गंजाचे ठिपके पडतात अन् अनवाणी पोरांच्या पायात रुततात. सिंथेटिकची खोड अशी की जास्त व्हायब्रेटर मारला तर ते वर तरंगतं अन् कोब्यावर दाढी उगवल्यासारखं दिसतं.

फायबर पडलं की स्लंप (मालाचा पातळपणा) कमी दिसतो अन् ट्रकवाला पाण्याचा पाइप सोडतो. तिथंच उभं राहून थांबवा. पाणी नाही, प्लास्टिसायझर (पाणी न वाढवता माल पातळ करणारं रसायन). फायबर थोडं थोडं टाकून ड्रम पूर्ण वेगात चार-पाच मिनिटं फिरवा, एकदम ओतलं तर गोळे होतात.

जॉइंट, म्हणजे भेग ठरल्या रेषेत यावी म्हणून कापायची खाच, ३ × ३ मीटरवर कापा, खोली ५० मिमी. थंडीत दुसऱ्या दिवशी सकाळी चालतं, एप्रिल-मेमध्ये कापल्यावर कडा तुटत नाहीत इतपत घट्ट झालं की त्याच रात्री कापा. उशीर केला की स्लॅब आपल्या मर्जीची रेघ मारतो. कॉलमभोवती १२ मिमी थर्माकोल ठेवायला विसरू नका.

हिरवा_बांबू

चंद्रपूर-गडचिरोलीचा बांबू का नाही? लोह्यापेक्षा कितीतरी हिरवा.

स्ट्रक्चर_कट्टा

बांबू ओल्या काँक्रीटमधलं पाणी पिऊन फुगतो, नंतर वाळून आखडतो. बांबूभोवती पोकळी राहते, पकड गेली. मॉड्युलसही १५ ते २० गिगापास्कल. छप्पर, ट्रस, मांडव यांना उत्तम, काँक्रीटच्या पोटात नाही.

काँक्रीटच कमी करायचं असेल तर फिलर स्लॅब बघा, लॉरी बेकर यांनी केरळात लोकप्रिय केलेला. सळाखांच्या चौकोनांत, स्लॅबच्या खालच्या भागात, मंगलोरी कौलांची जोडी किंवा मातीची उपडी भांडी ठेवतात, कारण तिथलं काँक्रीट ताणाला तसंही कामाचं नसतं. भांड्यातली हवा गच्चीची झळही थोडी अडवते. कौलं आधी पाण्यात भिजवून घ्या, नाहीतर ती काँक्रीटचं पाणी ओढतात. बीमजवळचा पट्टा भरीव ठेवा. मात्र ड्रॉइंग नव्याने काढावं लागेल, मिस्त्रीच्या अंदाजाने करायचं काम नाही.

बेसा_प्लॉट

समजलं. छताला लोहा अन् पीपीसी, फिलरचं इंजिनिअरला विचारतो. एकच राहिलं: ठेकेदाराने ६ ची फायबर सळाख आणूनच ठेवली आहे. पार्किंगमध्ये वापरू?

कोबा_ट्रिमिक्स

वापरा, पण २०० ऐवजी १५० वर अन् वरच्या तिसऱ्या हिश्शात, म्हणजे वरून ५० मिमीवर. जॉइंट ३ मीटरवरच, पण खोली ४० मिमी ठेवा, नाहीतर डिस्क सळाखेला लागेल. मालावर आयएस १८२५६ (ग्लास फायबर सळाखेचं भारतीय मानक) चा उल्लेख अन् बॅचचा दाखला बघा.

साइटवर वाकवू नका, वाकत नाही, आतले धागे तुटतात. कापायला डिस्क, कातरी नाही. कापताना मास्क अन् हातमोजे, काचेची धूळ खाजते. काँक्रीटपेक्षा हलकी असल्यामुळे ती वर येते, म्हणून नुसती चेअरवर (सळाख उचलून धरणाऱ्या टेकूवर) ठेवून भागत नाही, चेअरला बांधा अन् चेअर खाली पक्की करा. अन् आत्ता उन्हात पडली असेल तर आजच ताडपत्री टाका, ऊन रेझिन खातं.