पुण्याहून थीम पार्कला: गहू आणि शेंगदाणे वर्ज्य असलेल्या मुलांच्या जेवणाची सोय कशी करावी?

कर्वेनगरची
पुढच्या महिन्यात एका शनिवारी इमॅजिकाला जायचं चाललंय. पाच मुलं आहेत. भाचा सात वर्षांचा, त्याला सीलिअ‍ॅक आहे (गहू-जवातल्या ग्लुटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होते), त्यामुळे गहू-जव पूर्ण बंद. पुतणी नऊ वर्षांची, तिला शेंगदाण्याची तीव्र अ‍ॅलर्जी. सकाळी साडेसातला निघून रात्री परत यायचा बेत आहे. तिकिटाबरोबर बुफेचं कूपन घ्यावं का? डबा आत नेऊ देतात का? वाटेत काय मागावं? परदेशातल्या पार्कांबद्दल ढीगभर वाचायला मिळतं, पण आपल्याकडच्या फोडणीचं आणि कुटाचं काय करायचं ते कुठेच नाही.

पोळीविना
आधी डब्याचं बघा. बहुतेक पार्कांत बाहेरचं खाणं आत नेता येत नाही. वैद्यकीय कारणासाठी परवानगी मागता येते, पण ती गेटवर मागू नका, कारण बॅग तपासणाऱ्याच्या हातात ते नसतं. आठ-दहा दिवस आधी पार्कला ईमेल करा. त्यात तारीख, मुलाचं वय, आजाराचं नाव, डब्यात काय आणि किती असेल, एवढंच लिहा. सोबत डॉक्टरांचं लेटरहेडवरचं पत्र जोडा. पत्रात 'आहार सांभाळावा' असं मोघम नको. 'या मुलाला गव्हाचा अंशही चालत नाही, स्वतंत्र डबा जवळ असणं आवश्यक आहे' असं स्पष्ट हवं. होकार आला की त्या उत्तराची छापील प्रत ठेवा, गेटवर रेंज मिळेलच असं नाही. डबा एकाच मुलाचा दिसेल एवढाच न्या. पाच जणांचे डबे निघाले की परवानगीवरून वाद होणारच.

भाच्यासाठी बुफेचं कूपन घेऊ नका. बुफेत पदार्थ चुकीचा नसला तरी डाव चुकीचा असतो. पुलावातला डाव शेजारच्या हाका नूडल्समध्ये जातो, तिथून परत पुलावात. ट्रे भरून अर्धा तास झाला की काय कशात मिसळलंय ते शेफलाही सांगता येत नाही. घ्यायचंच असेल तर काउंटर उघडता उघडता जा आणि शेफला सांगून आतून, न उघडलेल्या भांड्यातून वाढून घ्या.

पोळीविना
आता गहू कुठे लपतो ते. पोळी, पाव, नूडल्स सगळ्यांना कळतात, घोटाळा होतो तो हिंगात. बाजारातल्या बांधणीच्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो. म्हणजे साधं वरण, सांबार, कढी, पिठलं हे सगळं घरी चालत असलं तरी बाहेर बाद. भात चालेल, जिरा राईस विचारून. फ्रेंच फ्राइजचं दोन्हीकडून बघावं लागतं: काही गोठवलेल्या फ्राइजना पिठाचा हात असतो, आणि तेल समोसा-कटलेटचंच असतं. सोया सॉसमध्ये गहू असतो, म्हणून 'राईस आहे ना' म्हणून चायनीज फ्राइड राईस देऊ नका.

डोशाच्या तव्यावर आधी रवा डोसा झालेला असतो, आणि पुसायला तेच कांद्याचं अर्धुक किंवा तोच फडका. इडली त्या मानाने बरी, कारण साच्यात वाफवलेली असते. पण तांदळाची की रव्याची हे विचारा, आणि भाच्याला सांबाराशिवाय द्या. पुतणीचं नेमकं उलटं: सांबार बहुधा चालेल, चटणी नाही, कारण आपल्याकडे खोबऱ्यात दाणे घालायची सर्रास पद्धत आहे.

घरून काय न्यावं: धिरडी, तांदळाचं घावन, राजगिऱ्याचे लाडू, मखाणे. ज्वारीची भाकरी दुपारपर्यंत कडक होते, मुलं खात नाहीत. थालिपीठ नेणार असाल तर भाजणी घरचीच, गव्हाशिवाय केलेली हवी, विकतच्या भाजणीत गहू असतो. आणि पीठ कोपऱ्यावरच्या गिरणीतलं नको. आधीच्या गिऱ्हाइकाचे गहू दळून झाल्यावर जात्यात राहिलेलं पीठ तुमच्या ज्वारीत येतं. घरघंटी किंवा 'ग्लुटेनमुक्त' छापलेलं पाकीट घ्या. तसं छापायला किलोमागे २० मिलिग्रॅम ग्लुटेनची मर्यादा पाळावी लागते.

गरम भात न्यायचा तर थर्मासमध्ये आधी उकळतं पाणी दहा मिनिटं भरून ठेवा, ते ओतून चुलीवरचा वाफाळता भात भरा आणि मध्ये उघडू नका. जेवताना वाफ दिसली पाहिजे. कोमट लागला तर टाकून द्या, तांदळातले जंतू अशाच उबेत वाढतात आणि परत गरम केल्यानेही त्यांचं विष जात नाही.

कर्वेनगरची
हिंगाचं लक्षातच आलं नव्हतं! एक शंका: उपवासाची थाळी मागितली तर दोघांचंही भागेल का?

डेक्कनकर
नाही, आणि इथे फार जपून. भाच्यासाठी उपवासाचं मागणं ही उत्तम युक्ती आहे. कारण 'ग्लुटेन' सगळ्यांना कळतंच असं नाही, पण उपवासाला गहू चालत नाही हे प्रत्येक आचाऱ्याला माहीत असतं. तेल वेगळं आहे का तेवढं विचारा. पुतणीसाठी मात्र तीच थाळी सगळ्यांत धोक्याची. साबुदाण्याची खिचडी, वडे, दाण्याची आमटी, कोशिंबीर, बटाट्याची भाजी, सगळीकडे कूट. कूट शिजून दिसेनासं होतं, म्हणून 'दाणे दिसत नाहीत' यावर जाऊ नका.

तिच्यासाठी आणखी धोक्याचं: वडापावची सुकी लसूण चटणी, भेळ, चिवडा, मिसळीवरचं फरसाण. लाकडी घाण्याचं शेंगतेल पूर्ण टाळा, कारण ते गाळलेलं असलं तरी त्यात प्रथिनं उरतात. पूर्ण रिफाइंड तेलात ती जवळजवळ नसतात, तरी डॉक्टरांना विचारूनच. 'जैन' किंवा 'शुद्ध शाकाहारी' या पाट्यांचा शेंगदाण्याशी काही संबंध नाही.

वाढप्याला न विचारता शेफला बोलवा, आणि प्रश्न 'चालेल ना?' असा नको, त्याला उत्तर हमखास 'हो' येतं. 'यात काय काय घातलंय, कुठल्या तेलात तळलंय, कढईत याआधी काय होतं' असं विचारा. स्वयंपाकघरात हिंदी बोलणारे पुष्कळ असतात, म्हणून जाड अक्षरात हिंदी कार्ड न्या: 'इस बच्ची को मूंगफली (सिंगदाना) से जान का खतरा है। दाना, कूट, चटनी, मूंगफली का तेल, कुछ भी नहीं। अलग बर्तन, अलग चम्मच।' भाच्याचं कार्ड वेगळं: गेहूं, मैदा, सूजी, दलिया, जौ, हींग. दोन्ही एकाच कागदावर लिहिलं की आचारी गोंधळतो.

सिंहगडरोडकर
एक्सप्रेसवेच्या फूड मॉलवर साखळी उपाहारगृह बघा. २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा वा अधिक ठिकाणी शाखा असलेल्यांनी अ‍ॅलर्जीकारक घटकांची माहिती द्यायची असते, मागितली तर दाखवतील. मात्र त्यात घटक कळतात, एकाच कढईत तळल्याने होणारी सरमिसळ कळत नाही. शनिवारी बोरघाटात गाड्या अडकू शकतात, त्यामुळे मुलांचा खाऊ डिकीत न ठेवता पायाशी ठेवा.

शर्करा
कुणाचं मूल टाइप १ मधुमेहाचं असेल तर हेही घ्या. इन्सुलिन लॉकरमध्ये किंवा उन्हातल्या गाडीत ठेवू नका. वापरात असलेलं पेन साधारण ३० अंशांखाली हवं. बर्फाच्या पिशवीला थेट चिकटवू नका, गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं. भिजवून वापरायच्या थंड पिशवीला वारा लागतो, ती सॅकच्या तळाशी कोंबली तर उपयोग शून्य.

पाण्यात खेळताना साखर भराभर उतरते, आणि गारठ्याने थरथरणं व साखर उतरल्याची थरथर सारखीच दिसते. म्हणून पाण्यात जाण्याआधी आणि नंतर दर तासाला तपासा, हात पुसून कोरडे करून. ७० च्या खाली आली तर किलोमागे ०.३ ग्रॅम ग्लुकोज द्या: २० किलोच्या मुलाला ६ ग्रॅम, ३० किलोच्या मुलाला ९ ग्रॅम. घरीच वजन करून पुड्या बांधून न्या. पंधरा मिनिटांनी परत तपासा. चॉकलेट देऊ नका, त्यातल्या स्निग्धतेमुळे साखर चढायला उशीर लागतो. जेवणाच्या रांगेत अर्धा तास जाऊ शकतो, तेव्हा जेवणाचं इन्सुलिन ताट हातात आल्यावरच.

कर्वेनगरची
पुतणीला डॉक्टरांनी अ‍ॅड्रेनालिन (तीव्र झटक्यात द्यायचं तातडीचं इंजेक्शन) लिहून दिलंय. ते कुणाकडे ठेवावं?

डेक्कनकर
तिच्यासोबत राईडच्या रांगेत जो मोठा माणूस असेल त्याच्याकडे. ती दुसऱ्या काकांबरोबर गेली की पाऊचही त्यांच्याकडे गेलं पाहिजे, हे सगळ्यांनी आधीच ठरवून घ्या. उन्हापासून जपा, पण फ्रिजमध्ये नको. आत गेल्या गेल्या प्रथमोपचार केंद्र कुठे आहे ते पाहून ठेवा.

श्वास लागला, घशात घरघर झाली, खाल्ल्यावर वारंवार उलट्या झाल्या किंवा मूल मलूल पडलं तर आधी अ‍ॅड्रेनालिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मग १०८. अ‍ॅलर्जीची गोळी किंवा सिरप देऊन वाट बघू नका, तीव्र झटक्यात त्याने भागत नाही. तिला आडवी ठेवा, पाय उंच करा, चालवत नेऊ नका. श्वास फारच लागत असेल तर बसू द्या. बरं वाटलं तरी रुग्णालयात न्यायचंच, काही तासांनी झटका परत येऊ शकतो.

आणि परतताना लोणावळ्याला चिक्कीसाठी थांबलात तर तिला गाडीतच कुणासोबत तरी बसवा. राजगिऱ्याची, तिळाची चिक्कीही दाण्याच्या चिक्कीच्याच ओट्यावर, त्याच लाटण्याने लाटलेली असू शकते. घेतलेला पुडा घरी जाईपर्यंत उघडायचा नाही, हे इतर मुलांना निघतानाच सांगा.