भाच्याला फिट्स येतात, गांजाचं तेल द्यावं का?

कुंदामावशी: भाचा ६ वर्षांचा, ड्रावे सिंड्रोम, म्हणजे लहानपणापासून फिट्स येण्याचा गंभीर आजार. क्लोबाझाम आणि व्हॅलप्रोएट ही फिट्सची दोन्ही औषधं चालू, तरी ताप आला की फिट ठरलेली, आता तर बिनतापाचीही येते. ताई रात्री त्याच्या छातीवर हात ठेवून झोपते, झोपते कसली, नुसती पडून असते. कोणीतरी तिला सीबीडी (गांजातला एक घटक) तेलाची बाटली आणून दिलीये, वर ३०० एमजी लिहिलंय, म्हणे नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट नाही. पोराला नशा झाली तर? कोणी दिलंय का?

गोळीवाला: नशा टीएचसीने, म्हणजे गांजातल्या दुसऱ्या घटकाने होते, सीबीडीने नाही. काळजी बाटलीची करा. ड्रावेसाठी सीबीडीचं रीतसर औषध आहे, एपिडायोलेक्स, अमेरिकेत २०१८ला मंजूर झालं. एका एमएलमध्ये १०० एमजी. सुरुवातच दिवसाला किलोमागे ५ एमजीने करतात, म्हणजे पोरगा २० किलोचा धरला तर रोजचे १००. तुमची अख्खी बाटली तीन दिवसांत खलास, तीही लेबल खरं असेल तर. २०१७ च्या एका तपासणीत ऑनलाइन विकली जाणारी ८४ प्रॉडक्ट्स घेतली होती, त्यातल्या १८ मध्ये टीएचसी सापडलं!

जागरणवाला_बाबा: आमच्या लेकीला ड्रावेच, डॉक्टरांनीच हे औषध सुरू केलं. दुसऱ्या आठवड्यात जेवता जेवता ताटातच मान टाकायला लागली, चमचा तसाच हातात, आम्ही हादरलो की ही नशाच. निघालं भलतंच, सीबीडीमुळे क्लोबाझामपासून शरीरात बनणारा घटक वाढतो आणि झोप त्याची येते. डॉक्टरांनी क्लोबाझाम उतरवलं तेव्हा पोरगी ताळ्यावर आली (स्वतःच्या मनाने उतरवू नका हां, फिट्स उसळतात). व्हॅलप्रोएट सोबत असेल तर लिव्हरच्या टेस्ट चुकवू नका. फिट्स बंद नाही झाल्या, कमी झाल्या, पण आमच्यासाठी तेही खूप.

साधा_माणूस: याने कॅन्सरसुद्धा बरा होतो असं वाचलंय.

गोळीवाला: बरा होत नाही. किमोच्या उलट्यांवर कृत्रिम टीएचसीची गोळी १९८५ पासून आहे, ड्रोनॅबिनॉल. उलटी थांबणं वेगळं, गाठ जाणं वेगळं. आणि ड्रावेच्या ट्रायलमध्येही महिन्याच्या मोठ्या फिट्स साधारण १२ वरून ६ वर आल्या, पूर्ण थांबल्या अशी मुलं १०० त ५.

कुंदामावशी: ताईला सगळं वाचून दाखवलं. बाटलीचं सील अजून तसंच आहे. परवा न्यूरोची अपॉइंटमेंट आहे, पिशवीत घालून नेतो, डॉक्टर ओरडले तर ओरडले.