प्रश्न फक्त पोटाचा नाही

'मासाच उरला नाही तर ही माणसं अँकरेजला का जात नाहीत?' अलास्कातल्या युकॉन नदीकाठच्या युपिक या मूलनिवासी लोकांबद्दल विचारलेला हा प्रश्न मला लागला, म्हणून लिहितोय. अँकरेज हे तिथलं मोठं शहर.

युकॉनच्या खालच्या अंगाला असलेल्या युपिक गावांना बाहेरून रस्ता नाही. उन्हाळ्यात होडी, हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून स्नोमोबाइल, नाहीतर छोटं विमान. दुकानातला माल त्यामुळे महागच. घर चालतं ते सामन माशावर. नदीकाठच्या तळावर आजी अर्धचंद्राकृती पात्याच्या उलुआकने मासा उभा चिरते, दोन्ही फाळ्या शेपटीशी जोडलेल्या ठेवते, मांसाला आडव्या चिरा पाडते आणि मासा दांडीवर टांगते. मग वारा आणि धूर. शेजारी बसलेली नात हे सगळं युपिक भाषेतच शिकते.

२०२१ मध्ये किंग आणि चम या सामनच्या दोन्ही जाती इतक्या घटल्या की घरच्या खाण्यापुरती त्यांची मासेमारीसुद्धा बंद झाली. अलास्कातल्याच ब्रिस्टल बे या उपसागराचा मासा विमानाने आणून वाटावा लागला, तोही नदीकाठच्या माणसांना! कारणांत तापणारं पाणी आहेच. बेरिंग समुद्रात पोलॉक हा दुसरा मासा पकडणाऱ्या ट्रॉलरांच्या, म्हणजे मोठ्या मासेमारी जहाजांच्या, जाळ्यात चमही सापडतो, हा गावकऱ्यांचा राग मला रास्त वाटतो. एप्रिल २०२४ मध्ये अलास्का आणि कॅनडाने युकॉनच्या किंगवर सात वर्षांची बंदी ठरवली. म्हणजे तेव्हा पाच वर्षांची असलेली नात बारा वर्षांची होईपर्यंत किंग चिरायला बसणारच नाही. शहरात गेल्यावर ती हे कुठे शिकणार?