मंगेशी : वाघाच्या कथेपलीकडे

गोव्यातल्या मंगेशीच्या शंकराच्या देवळाबद्दल एक कथा सांगतात: शंकर वाघाच्या रूपात पार्वतीसमोर आला. ती सुंदर आहेच, पण मला जास्त भिडतो तो मूळ जागेचा इतिहास. हे देवस्थान आधी झुआरी नदीकाठी कुशस्थळीला, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीला होतं. पोर्तुगीज देवळं पाडू लागले तेव्हा 1560 मध्ये भाविकांनी लिंग नदीपार प्रियोळला, म्हणजे आजच्या मंगेशीच्या जागी नेलं. अशीच केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. माणसंही पांगली, कित्येक सारस्वत घराणी कारवार, मंगळूर, थेट कोचीपर्यंत गेली. तरी कुलदेव कोणता हे पिढ्यानपिढ्या सांगितलं गेलं, आणि मुंबईतली कुटुंबं आजही दर्शनाला मंगेशीला येतात. कुठ्ठाळीची मूळ जागाही आवर्जून पाहा.