जुन्या कॉम्पॅक्ट एसयूव्हीवरचे रिकॉल आणि मालकांच्या तक्रारी: कशाला किती वजन द्यावे?

प्रश्न – काठावरचा

आठ वर्षे वापरलेली एक कॉम्पॅक्ट एसयूव्ही घेण्याचा माझा विचार चालू आहे. इंजिन लहान टर्बो पेट्रोल आहे, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स सीव्हीटी प्रकारचा (ठरावीक गिअरऐवजी पट्टा आणि कप्प्यांवर अखंड गती बदलणारा) आहे आणि सध्याचे मालक हे गाडीचे दुसरे मालक आहेत. मॉडेलचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ते लिहिले की चर्चा गाडी सोडून त्या कंपनीच्या चाहत्यांकडे आणि टीकाकारांकडे वळते.

चालवून पाहताना काही खटकले नाही. नंतर चॅसिस नंबर टाकून रिकॉलची, म्हणजे दोषामुळे कंपनीने दुरुस्तीसाठी गाड्या परत बोलावण्याची, चौकशी केली, तेव्हा एकही रिकॉल बाकी नसल्याचे उत्तर आले. मात्र मॉडेल आणि वर्ष टाकून शोधले, तेव्हा त्या मॉडेलवर चार रिकॉल निघालेले दिसले: एक एअरबॅगचा, एक इंधनपंपाचा आणि दोन वायरिंगचे. मालकांनी नोंदवलेल्या तक्रारी तर इतक्या आहेत की त्या वाचण्यात अर्धी रात्र गेली. कोणाचे इंजिन चालता चालता बंद पडले, कोणाच्या ऑइलला पेट्रोलचा वास येतो, कोणाचा गिअरबॉक्स चढावर थरथरतो, आणि एकाने केवळ कप ठेवण्याच्या खाचेबद्दल दोन परिच्छेद लिहिले आहेत.

एकीकडे ‘काही बाकी नाही’ आणि दुसरीकडे एवढा ढीग, यांचा मेळ कसा घालावा हे मला कळत नाही. रिकॉल झालेली गाडी न झालेल्या गाडीपेक्षा सुरक्षित मानावी का? आणि ज्या तक्रारींवर रिकॉल निघालेलाच नाही, त्या किती गांभीर्याने घ्याव्यात?

ग्रीसचे हात

चार हा आकडा पाहून घाबरू नका. लाखोंनी विकल्या गेलेल्या बहुतेक गाड्यांवर आठ वर्षांत दोन-चार रिकॉल निघालेले असतातच. तुमच्या समोर उभी असलेली गाडी त्या चारांपैकी कितींत मोडते आणि तिच्यावर प्रत्यक्ष काम कधी झाले, हे आधी शोधायला हवे.

‘एकही रिकॉल बाकी नाही’ या उत्तराचे अर्थ अनेक होतात. काम पूर्ण झाले असेल तर तेच उत्तर येते, आणि ही गाडी सदोष सुट्या भागांच्या तुकडीत कधी नव्हतीच, तरीही तेच येते. अमेरिकेच्या एनएचटीएसए या वाहनसुरक्षा यंत्रणेच्या शोधसुविधेत पूर्ण झालेले रिकॉल दिसत नाहीत, पंधरा वर्षांहून जुने रिकॉल सहसा दिसत नाहीत आणि नुकताच जाहीर झालेला रिकॉल असेल तर त्यातले सगळे चॅसिस नंबर कधी कधी अजून चढवलेले नसतात. म्हणून कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये चॅसिस नंबर देऊन रिकॉलच्या कामांची नोंद तारखांसह मागावी. नंबर मात्र विक्रेत्याने पाठवलेल्या संदेशातून उतरवू नये. तो समोरच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात, दाराच्या खांबावरच्या पट्टीवर किंवा चॅसिसवर कोरलेला स्वतः वाचावा आणि कागदांशी ताडून पाहावा. सतरा अक्षरांच्या त्या नंबरात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरे वापरतच नाहीत, तरी घाईत लोक शून्याच्या जागी ओ टाकतात आणि गाडी सापडत नाही म्हणून निश्चिंत होतात.

एअरबॅगबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण जुन्या गाडीत हाच भाग सर्वांत फसवा असतो. ताकाता कंपनीच्या इन्फ्लेटरमध्ये, म्हणजे एअरबॅग फुगवणाऱ्या भागात, अमोनियम नायट्रेट वापरलेले होते आणि बऱ्याच प्रकारांत ओलावा शोषणारे द्रव्य घातलेले नव्हते. वर्षानुवर्षे दमट हवा आणि तापमानाचे चढउतार सोसून ते रसायन खराब होते, अपघातात अपेक्षेपेक्षा फार जोराने पेटते आणि धातूचे आवरण फुटून त्याचे तुकडे माणसाच्या अंगावर येतात. एकट्या अमेरिकेत सुमारे ६ कोटी ७० लाख इन्फ्लेटर या कारणासाठी परत बोलावले गेले आणि २०१७ साली कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. यात गाडी जितकी जुनी तितका धोका वाढतो, त्यामुळे ‘इतकी वर्षे काही झाले नाही’ हा युक्तिवाद येथे उलटा लागू पडतो. काही गाड्यांत तर पहिल्या दुरुस्तीच्या वेळी तात्पुरता म्हणून त्याच जातीचा नवा इन्फ्लेटर बसवला होता आणि तो पुढे पुन्हा बदलावा लागला.

यातही एक पळवाट राहते. रिकॉलचे काम झाल्यानंतर गाडीला अपघात झाला आणि कोणी भंगारातल्या गाडीची एअरबॅग काढून बसवली, तर नोंदीत गाडी निर्दोष दिसेल आणि स्टिअरिंगमध्ये जुनाच इन्फ्लेटर असेल. म्हणून अपघाताचा इतिहास आणि रिकॉलचा इतिहास एकत्र वाचावा. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. तो लागलाच नाही, तर दिवा मुद्दाम बंद केला असण्याची शंका घ्यावी.

वायरिंगच्या रिकॉलसाठी एक साधी तपासणी सुचवतो. निसान रोग या गाडीच्या २०१४ ते २०१६ या वर्षांतल्या मॉडेलवर २०२२ साली अमेरिकेत सुमारे ६ लाख ८९ हजार गाड्यांचा रिकॉल निघाला. चालकाच्या पायाशी साचलेले पाणी आणि मीठ वायरिंगवर गुंडाळलेल्या टेपमधून वर चढत होते आणि कनेक्टर गंजत होता. तुमची गाडी कोणतीही असो, पायाखालची चटई उचला, गालिचाखाली हात घाला, ओल किंवा कुबट वास आहे का पाहा आणि तेथे दिसणाऱ्या कनेक्टरवर हिरवट-पांढरा थर आहे का तेही बघा.

इंधनपंपाचे म्हणाल तर, २०२० साली टोयोटा, होंडा आणि इतर काही कंपन्यांनी डेन्सो या सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीचे पंप परत बोलावले, त्यात पंपातला प्लास्टिकचा पंखा इंधन शोषून फुगत होता आणि घासून अडकत होता. अशा पंपाची लक्षणे आधी क्वचितच दिसतात, त्यामुळे येथे चालवून पाहण्यापेक्षा कागदावरच भिस्त ठेवावी लागते.

नोंदवही

वरच्या उत्तराला माझी एक पुरवणी आहे. रिकॉलचे काम ‘झाले’ असे लिहिलेले असले, तरी त्यात नेमके काय केले, हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

फोर्डने नोव्हेंबर २०२२ मध्ये १.५ लिटरच्या एस्केप आणि ब्रॉन्को स्पोर्ट या गाड्यांवर रिकॉल काढला. इंजिनात इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरला तडा जाऊन गळलेले पेट्रोल तापलेल्या भागावर पडण्याची आणि आग लागण्याची भीती होती. उपाय म्हणून दाब कमी झाल्याचे ओळखणारे सॉफ्टवेअर टाकले आणि गळालेले पेट्रोल दूर नेणारी नळी बसवली, मात्र इंजेक्टर सरसकट बदलले नाहीत. हा उपाय पुरेसा आहे का, याची चौकशी एनएचटीएसएने २०२४ मध्ये सुरू केली आणि जुलै २०२५ मध्ये सुमारे ६ लाख ९४ हजार गाड्यांचा नवा रिकॉल निघाला. ह्युंदाई आणि किया यांनी सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत सुमारे ३४ लाख गाड्या परत बोलावल्या, तेव्हा एबीएसच्या भागात ब्रेक ऑइल झिरपून शॉर्टसर्किट होण्याचा धोका होता. मालकांना दुरुस्ती होईपर्यंत गाडी घरापासून दूर, उघड्यावर लावण्याचा सल्ला देण्यात आला आणि दुरुस्ती म्हणून फ्यूज बदलण्यात आला. फ्यूजमुळे आगीची शक्यता कमी होते हे मान्य, पण गळती जेथे होती तेथेच राहते. असे उपाय निरुपयोगी आहेत असे मला म्हणायचे नाही. मात्र पार्ट बदललेला रिकॉल आणि सॉफ्टवेअर किंवा फ्यूज बदललेला रिकॉल यांना मी एका तराजूत तोलत नाही.

आता तक्रारींविषयी. त्या मालकाने स्वतः लिहिलेल्या असतात आणि नोंदवून घेताना कोणी त्यांची शहानिशा करत नाही, त्यामुळे केवळ संख्येवरून निष्कर्ष काढला की फसगत होते. जी गाडी जास्त विकली गेली तिच्या तक्रारी जास्त असणारच. शिवाय एखाद्या रिकॉलची बातमी झळकली की पुढच्या काही आठवड्यांत त्याच भागाच्या तक्रारींचा पूर येतो. मी वाचतो तेव्हा तक्रारीची तारीख, गाडी किती चाललेली होती आणि कोणता भाग, एवढेच आधी वेगळे काढतो. ‘इंजिन बंद पडले’ या तक्रारी वीस हजार किलोमीटरपासून दोन लाखांपर्यंत विखुरलेल्या असतील, तर त्यामागे दहा वेगवेगळी कारणे असू शकतात. पण त्या एकाच टप्प्यात दाटलेल्या असतील आणि लोक एकमेकांना न ओळखता तेच तपशील सांगत असतील, उदाहरणार्थ वेग कमी करताना, टाकी निम्म्याखाली असताना, पुन्हा चालू करायला दहा मिनिटे लागली, तर तेथे थांबावे. अशा तक्रारींचा पुंजका दिसला की एनएचटीएसएसारख्या यंत्रणा आधी प्राथमिक तपास, मग सखोल तांत्रिक तपास करतात आणि तेथून रिकॉल निघू शकतो. तो तपास उघडलेला आहे का, हे तक्रारींच्या आकड्यापेक्षा अधिक सांगते.

पेट्रोलच्या वासाबद्दल: थेट इंधन फवारणाऱ्या लहान टर्बो इंजिनांत थंड हवेत वारंवार छोटे प्रवास केले की सिलिंडरच्या भिंतीवरचे पेट्रोल ऑइलमध्ये उतरते आणि इंजिन पुरेसे तापत नसल्याने ते उडून जात नाही. होंडा सीआर-व्हीबाबत याच दोषामुळे २०१८ साली चीनमध्ये विक्री थांबवावी लागली, तर अमेरिकेत रिकॉल न काढता वॉरंटी वाढवून देण्यात आली. एकाच दोषाला दोन बाजारांत दोन वागणुका मिळाल्या. त्यामुळे रिकॉल नाही म्हणजे दोष नाही, असे समजण्याची चूक करू नका.

दुसरी चावी

मी अशीच एक गाडी घेतली होती आणि सगळे रिकॉल पूर्ण झाल्याची नोंद पाहून निर्धास्त झालो होतो. सहा महिन्यांनी गिअरबॉक्स गरम होऊन गाडी वेग घेईनाशी झाली. सर्व्हिस सेंटरने सांगितले की या दोषावर रिकॉल नाही, फक्त मेकॅनिकसाठी काढलेले अंतर्गत तांत्रिक पत्रक आहे, आणि वाढीव वॉरंटीची मुदत चार महिन्यांपूर्वीच संपली आहे. सारा खर्च मला करावा लागला.

म्हणून ‘काठावरचा’ यांनी दुसरा जो प्रश्न विचारला आहे, तोच मला पहिला वाटतो. रिकॉलचे काम कंपनी आपल्या खर्चाने करते. रिकॉल न निघालेली तक्रार मात्र शेवटच्या मालकाच्या गळ्यात पडते, आणि ते शेवटचे मालक तुम्ही असाल. सीव्हीटीचे ऑइल कधी बदलले, याचा कागद मागा. ‘ते आयुष्यभराचे असते’ असे उत्तर मिळाले, तर कोणाच्या आयुष्यभराचे, असेही विचारा.

आणखी एक गोष्ट. रिकॉलचे पत्र कंपनीकडे ज्याचा पत्ता असतो त्याला जाते. दोनदा हात बदललेल्या गाडीचे पत्र बहुधा पहिल्या मालकाच्या जुन्या पत्त्यावर पडून असते. गाडी घेतलीत, तर पहिल्याच आठवड्यात कंपनीकडे आपले नाव आणि पत्ता नोंदवा.

काठावरचा

सर्वांचे आभार. सांगितल्याप्रमाणे सर्व्हिस सेंटरमधून नोंद काढली. एअरबॅगचा इन्फ्लेटर आणि इंधनपंप हे दोन्ही भाग बदललेले आहेत. वायरिंगच्या दोन रिकॉलपैकी एका रिकॉलमध्ये ही गाडी नव्हतीच, आणि दुसऱ्यात फक्त कनेक्टर तपासून, ठीक असल्याचे पाहून संरक्षक जेल लावले आहे, म्हणजे ‘नोंदवही’ यांच्या तराजूत तो हलका बसतो. चटई उचलून पाहिली, खाली कोरडे आहे. मोठा अपघात झाल्याची नोंद नाही आणि एअरबॅगचा दिवा लागून विझतो.

सीव्हीटीचे ऑइल मात्र एकदाही बदललेले नाही. आणखी एक गोष्ट तेव्हा मला साधी वाटली होती, पण आता खटकते आहे. दोन्ही वेळा मी गेलो तेव्हा इंजिन आधीच गरम होते आणि मालक म्हणाले की नुकतेच बाहेर जाऊन आलो.

ग्रीसचे हात

योगायोग असू शकतो, पण तिसऱ्या वेळी सकाळी जा आणि आदल्या रात्रीपासून गाडी सुरू करू नये असे आधीच सांगून ठेवा. पोहोचल्यावर बॉनेटला हात लावून पाहा. इंजिन सुरू करण्याआधी ऑइलची पातळी दाखवणारी डिपस्टिक काढा. पातळी वरच्या खुणेच्या वर असेल आणि वासही पेट्रोलचा असेल, तर तक्रारीतला दोष या गाडीत आहे असे धरा. मग स्कॅनर जोडून गाडीच्या संगणकात साठवलेले दोषांचे कोड बघा, आणि त्याचबरोबर तो संगणक स्वतः करतो त्या स्वयंचाचण्या पूर्ण झालेल्या आहेत का तेही बघा. कोड एकही नाही आणि बहुतेक चाचण्या अपूर्ण आहेत, असे दिसले तर कोणी नुकतीच मेमरी पुसली असावी किंवा बॅटरी काढली असावी. अशा वेळी काही दिवस गाडी चालू द्यावी आणि पुन्हा तपासावी. विक्रेता त्याला तयार नसेल तर मी पुढे जाणार नाही.

हे सगळे ठीक निघाले, तर गाडी किमान अर्धा तास चालवा आणि शेवटी एका चढावर थांबून हळूहळू वेग घ्या. सीव्हीटीची थरथर थंड असताना लपते आणि ऑइल तापल्यावर बाहेर येते, म्हणून दहा मिनिटांची फेरी पुरत नाही. थरथर नसेल, तर ऑइल बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करून मागा.